मॅसॅच्युसेट्समधील चार पिते

सर्वत्र विजयाची इच्छा करावी, पुत्राकडून मात्र पराभव व्हावा अशी इच्छा धरावी, या आशयाचे वचन आपल्याकडे पित्यांच्या तोंडी नेहमी असते. वचन उदात्त आहे यात शंका नाही. परंतु पित्याच्या या इच्छेची किंमत कोणी द्यावयाची, हा प्रश्न ते वचन उच्चारताना सहसा कोणाच्या मनात येत नाही. पुत्राने आपल्याहून मोठे व्हावे असे म्हणणारा पिता त्याला मोठे होण्याची मोकळीक देत असतो, की आपली अपुरी राहिलेली महत्त्वाकांक्षा त्याच्या खांद्यावर ठेवीत असतो? अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील मॅसॅच्युसेट्स या लहानशा राज्याशी ज्यांचे नाते जडले होते, अशा चार पित्यांच्या चरित्रांत या प्रश्नाची चार निरनिराळी उत्तरे सापडतात.

या राज्यातच अशा पित्यांची परंपरा का निर्माण व्हावी, याला कारण आहे. 1630 च्या सुमारास इंग्लंडमधून येथे मोठ्या संख्येने येऊन वसाहत करणारे लोक प्युरिटन पंथाचे होते. कुटुंब हे एक छोटे धर्मपीठ आणि पिता हा त्याचा आचार्य, अशी त्यांची श्रद्धा होती. बायबल प्रत्येकाला स्वतः वाचता आलेच पाहिजे, या आग्रहापोटी 1636 मध्ये हार्वर्डची स्थापना करणाऱ्या या वसाहतीने 1642 मध्ये एक कायदा केला. मुलांना वाचन आणि एखादा व्यवसाय शिकविण्याची जबाबदारी त्या कायद्याने आईबापांवर टाकली. ती टाळणाऱ्यांची मुले काढून घेऊन दुसऱ्याच्या हाताखाली शिकाऊ म्हणून ठेवण्याचा अधिकारही गावच्या कारभाऱ्यांना मिळाला. पुढे धर्मनिष्ठेची धार बोथट झाली, तरी मुलाचा उत्कर्ष हे पित्याचे कर्तव्य आणि मुलाचे अपयश हा पित्यावरचा ठपका, ही भावना त्या भूमीत खोल रुजून राहिली.

ब्रेनट्री गावचे एक शेतकरी हिवाळ्यात जोडे शिवीत आणि चर्चमध्ये डीकन म्हणून सेवा करीत. त्यांचा मुलगा जॉन ॲडम्स, जन्म 1735 चा, शाळेला कंटाळला आणि मला शेतकरीच व्हावयाचे आहे असे म्हणू लागला. डीकन रागावले नाहीत. त्यांनी मुलाला दलदलीत नेऊन दिवसभर गवत कापावयास लावले आणि संध्याकाळी विचारले, शेती आवडली का? चिखलाने माखलेला मुलगा हट्टाने म्हणाला, फार आवडली. त्यावर पित्याने उत्तर दिले की, मला मात्र तितकीशी आवडली नाही, तेव्हा तू शाळेत जाशील. ही हकीकत ॲडम्स यांनी आपल्या आत्मवृत्तात स्वतः नमूद केली आहे. दलदलीतला तो मुलगा हार्वर्डचा पदवीधर झाला, वकील झाला. 1780 मध्ये अमलात आलेली मॅसॅच्युसेट्सची राज्यघटना मुख्यतः त्याच्याच लेखणीतून उतरली आणि ती आजही लागू आहे. 1797 मध्ये तो अमेरिकेचा दुसरा राष्ट्राध्यक्ष झाला.

डीकनांच्या आग्रहात विनोद होता आणि माया होती. जॉन ॲडम्स स्वतः पिता झाले तेव्हा आग्रह उरला, विनोद कमी झाला. थोरला मुलगा जॉन क्विन्सी दहा वर्षांचा असताना ते त्याला घेऊन युद्धकाळात अटलांटिक महासागर ओलांडून फ्रान्सला गेले. चौदाव्या वर्षी हा मुलगा रशियातील अमेरिकन प्रतिनिधीचा चिटणीस म्हणून सेंट पीटर्सबर्गला पोहोचला. 1794 मध्ये, तो सव्वीस वर्षांचा झाला असता, उपराष्ट्राध्यक्षपदावर असलेल्या पित्याने त्याला लिहिले की, तुला मिळालेल्या संधी पाहता सामान्य यश ही तुझी नाचक्की ठरेल, आणि तू आपल्या व्यवसायातच नव्हे तर देशातही अग्रस्थानी पोहोचला नाहीस, तर दोष तुझ्या आळसाचा आणि हट्टीपणाचाच असेल. मुलाने ही आज्ञा शब्दशः पाळली. 1825 मध्ये जॉन क्विन्सी राष्ट्राध्यक्ष झाले. आपल्या मुलाला त्या पदावर पाहण्याचे भाग्य वृद्ध पित्यास लाभले. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला बरोबर पन्नास वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, 4 जुलै 1826 रोजी, नव्वदाव्या वर्षी त्यांनी देह ठेवला.

चरित्र येथे थांबविले तर ते बोधकथेसारखे वाटते. परंतु याच घरातील दुसरा मुलगा चार्ल्स मद्याच्या आहारी गेला. पित्याने त्याच्याशी संबंध तोडले, आणि 1800 मध्ये तिसाव्या वर्षी तो न्यूयॉर्कमध्ये मरण पावला. जॉन क्विन्सी यांनी पित्याचीच शिस्त आपल्या मुलांना लावली. हार्वर्डमध्ये वर्गातला क्रमांक खाली गेला म्हणून धाकट्या जॉनला त्यांनी नाताळच्या सुटीत घरी येण्याची मनाई केली. थोरला जॉर्ज 1829 मध्ये आईवडिलांकडे निघाला असता आगबोटीवरून समुद्रात नाहीसा झाला. जॉन 1834 मध्ये वारला. दोघेही पस्तिशीपर्यंतसुद्धा पोहोचले नाहीत. एका मुलाला शिखरावर नेणारा आग्रह तीन मुलांना पेलला नाही, हा हिशेब मांडल्यावाचून या घराण्याच्या कीर्तीचे मोल नीट कळत नाही.

शिवाय ज्या पदासाठी जॉन क्विन्सींना घडविण्यात आले होते, त्या पदावर ते फारसे यशस्वी ठरले नाहीत. 1828 च्या निवडणुकीत त्यांचा पराभव झाला. त्यांचे खरे मोठेपण त्यानंतर प्रकट झाले. राष्ट्राध्यक्षपद भोगलेला हा मनुष्य 1831 मध्ये साधा प्रतिनिधी म्हणून प्रतिनिधिगृहात गेला आणि मृत्यूपर्यंत सतरा वर्षे तेथे राहिला. गुलामगिरीविरुद्धचे नागरिकांचे अर्ज सभागृहासमोर येऊच द्यावयाचे नाहीत, असा नियम 1836 मध्ये करण्यात आला. तो नियम 1844 मध्ये रद्द होईपर्यंत ते जवळजवळ एकाकी झुंजत राहिले. 1841 मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, ‘आमिस्ताद’ जहाजावरील आफ्रिकी बंदिवानांची बाजू त्यांनी सर्वोच्च न्यायालयात मांडली, आणि ते बंदिवान मुक्त झाले. ही लढाई पित्याने नेमून दिलेली नव्हती. ती त्यांनी स्वतः निवडली होती.

ॲडम्स घराण्याच्या अगदी उलट टोकाला ब्रॉन्सन ऑल्कॉट उभे आहेत. 1799 मध्ये शेजारच्या कनेक्टिकट राज्यात एका गरीब शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला हा मनुष्य तरुणपणी दक्षिणेकडे फेरीवाल्याचा धंदा करीत हिंडला आणि शेवटी शिक्षक झाला. 1834 मध्ये त्यांनी बोस्टनला शाळा काढली. घोकंपट्टीऐवजी संवादाने शिकवावे, छडीचा उपयोग करू नये, असे त्यांचे मत होते. खोड्या करणाऱ्या मुलाने गुरुजींच्याच हातावर छडी मारावी, असा प्रयोगही त्यांनी केला. मुलांशी झालेले धर्मविषयक संवाद त्यांनी छापताच गावात गदारोळ उठला आणि पालकांनी मुले काढून घेतली. उरलेल्या छोट्याशा वर्गात 1839 मध्ये एका कृष्णवर्णीय मुलीला त्यांनी प्रवेश दिला, तेव्हा राहिलेले पालकही गेले. ऑल्कॉट यांनी त्या मुलीला परत पाठविले नाही. शाळाच बंद झाली.

1843 मध्ये, गुलामगिरी सहन करणाऱ्या सरकारला डोईपट्टी देणार नाही म्हणून त्यांनी अटक ओढवून घेतली. त्यांचे मित्र थोरो यांनी याच कारणासाठी तुरुंगवास पत्करला तो तीन वर्षांनी. थोरोंचा त्यावरील निबंध पुढे गांधीजींच्या वाचनात आला, हे भारतीयांना ठाऊकच आहे. त्याच 1843 साली ऑल्कॉट यांनी ‘फ्रूटलँड्स’ नावाची आश्रमवजा वसाहत स्थापन केली. तेथे मांस, दूध, अंडी वर्ज्य होती. कापूस गुलामांच्या श्रमाचा आणि लोकर मेंढीच्या हक्काची, म्हणून अंगावर तागाची वस्त्रे. हिवाळा येताच साऱ्याचा बोजवारा उडाला आणि पत्नी व चार मुली यांच्यावर उपासमारीची पाळी आली. व्यवहाराच्या दृष्टीने पाहता यांच्याइतका अयशस्वी पिता सापडणे कठीण. घर चालविले ते पत्नीने, आणि पुढे दुसऱ्या मुलीने.

ही दुसरी मुलगी म्हणजे लुईसा मे ऑल्कॉट. 1832 मध्ये पित्याच्याच जन्मतारखेला तिचा जन्म झाला. शिवणकाम, शिकवणी, घरकाम, मासिकांतून कथा, जे मिळेल ते करून तिने घराला हातभार लावला. यादवी युद्धात ती परिचारिका म्हणून गेली आणि विषमज्वराने अंथरुणाला खिळली, तेव्हा तिला घरी आणावयास वडील धावले. 1868 मध्ये तिने लिहिलेले ‘लिटल विमेन’ जगभर गाजले. शांता शेळके यांनी ‘चौघीजणी’ या नावाने ते मराठीत आणल्यामुळे मराठी घरांतील कित्येक मुलींना त्या चार बहिणी आपल्याच वाटतात. त्या कादंबरीतील वडील बहुतांश काळ युद्धावर, घरापासून दूर असतात. प्रत्यक्षातील वडील घरातच होते, पण संसारात नव्हते. लेखिकेने तो दुरावा असा सौम्य करून घेतला असावा.

तरीही पित्याने मुलीला काहीच दिले नाही, असे म्हणता येणार नाही. काँकर्ड येथील ‘ऑर्चर्ड हाउस’मध्ये दोन खिडक्यांच्या मधल्या भिंतीला जडविलेली अर्धगोल फळी आजही पाहावयास मिळते. ते लुईसाचे लिहिण्याचे मेज होय, आणि ते ब्रॉन्सन यांनी तिच्यासाठी तयार केलेले होते. ज्या काळी मुलीने लेखन करावे हे पुष्कळांना रुचत नसे, त्या काळी पित्याने मुलीला लिहिण्यासाठी जागा करून दिली आणि काय लिहावे हे तिच्यावर सोपविले. लुईसाच्या पैशाने घरावरचे कर्ज फिटले. पुढे व्याख्यानांच्या दौऱ्यांवर ब्रॉन्सन यांची ओळख ‘लिटल विमेन’च्या लेखिकेचे वडील अशी करून दिली जाई, आणि त्यांना तिचे कौतुकच वाटे. अपत्याकडून झालेला पराभव इतक्या मोकळ्या मनाने स्वीकारणारे पिते थोडेच. 4 मार्च 1888 रोजी ब्रॉन्सन वारले आणि दोनच दिवसांनी लुईसा वारली. अखेरपर्यंत घरभार मात्र तिच्याच खांद्यावर होता, हे विसरता कामा नये.

तिसरे पिते डॉ. ऑलिव्हर वेंडेल होम्स. कवी, निबंधकार आणि वैद्य अशी त्यांची तिहेरी ख्याती होती. सूतिकाज्वर हा वैद्यांच्या व सुइणींच्या हातून एका बाळंतिणीकडून दुसरीकडे पसरतो, असे त्यांनी 1843 मध्येच साधार मांडले होते आणि ज्येष्ठांचा रोष पत्करला होता. त्यांच्या थोरल्या मुलाचे नावही ऑलिव्हर वेंडेल होम्सच. पित्याचे संपूर्ण नाव वागविणाऱ्या मुलाला स्वतःचे नाव कसे मिळवावयाचे? 1862 मध्ये अँटिएटमच्या लढाईत मुलाच्या मानेतून गोळी गेल्याची तार आली, तेव्हा डॉक्टर रणभूमीकडे धावले. रुग्णालये आणि गावे धुंडाळीत ते हिंडले, आणि अखेर आगगाडीच्या डब्यात मुलगा भेटला. या शोधयात्रेवर त्यांनी ‘अटलांटिक’ मासिकात लेख लिहिला व तो लोकप्रियही झाला. मुलाला मात्र आपले दुखणे असे जाहीर झालेले आवडले नाही. पित्याची माया खरी होती, पण मायेलाही वाचक लागत होते.

मुलाने कायद्याचा अभ्यास करण्याचे ठरविले, तेव्हा वकील मोठा होऊ शकत नाही, असे डॉक्टर म्हणाल्याचे सांगतात. मुलाने वाद घातला नाही. 1881 मध्ये त्यांचा ‘द कॉमन लॉ’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. 1902 ते 1932 अशी तीस वर्षे ते सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होते, आणि बहुमताविरुद्ध त्यांनी नोंदविलेली काही मते पुढे कायद्याची सर्वमान्य तत्त्वे बनली. आज होम्स म्हटले की लोकांना प्रथम न्यायमूर्ती आठवतात. येथे पित्याचा पराभव झाला, तो पित्याच्या इच्छेने नव्हे, तर मुलाने वेगळे क्षेत्र धरल्यामुळे.

चौथे उदाहरण विसाव्या शतकातील आहे. बोस्टनच्या आयरिश कॅथलिक समाजात 1888 मध्ये जन्मलेल्या जोसेफ केनेडी यांनी अपार संपत्ती मिळविली. 1938 ते 1940 या काळात ते ब्रिटनमध्ये अमेरिकेचे राजदूत होते. जुन्या बोस्टनने ज्यांना बरोबरीचे मानले नाही, त्यांतला एक जण राष्ट्राध्यक्ष झालाच पाहिजे, हा त्यांचा ध्यास होता. स्वतःचा मार्ग खुंटला, तेव्हा त्यांनी थोरला मुलगा जोसेफ याला त्यासाठी निवडले. 1944 मध्ये तो युद्धात विमानाच्या स्फोटात मरण पावल्यावर ते ओझे जॉनकडे आले. 1960 मध्ये जॉन केनेडी निवडून आले आणि पित्याची इच्छा पूर्ण झाली.

परंतु याच पित्याने 1941 मध्ये रोझमेरी या मंदगती मुलीच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करविली. ती बिघडली, आणि त्या मुलीला 2005 पर्यंतचे उरलेले आयुष्य परावलंबी अवस्थेत काढावे लागले. 1961 च्या डिसेंबरात स्वतः जोसेफ यांना पक्षाघात होऊन वाचा गेली. 1963 मध्ये जॉन यांची आणि 1968 मध्ये रॉबर्ट यांची हत्या झाल्याच्या वार्ता त्यांनी ऐकल्या, त्या अशा मूक अवस्थेत. 1969 मध्ये ते वारले. जन्मभर मुलांशी आज्ञेच्या भाषेत बोललेल्या या पित्याजवळ शोक करण्यासाठीही शब्द उरले नव्हते.

या चौघांपैकी कोणाचेही अपत्यप्रेम खोटे नव्हते. ॲडम्स आणि केनेडी यांनी मुलांसाठी शिखर निवडून दिले. ते शिखर गाठले गेले, पण वाटेत इतर मुले कोसळली. डॉ. होम्स यांनी मुलाला आपल्या प्रकाशात ठेवले, आणि त्याला स्वतःचा प्रकाश शोधण्यासाठी दूर जावे लागले. ऑल्कॉट यांनी मुलीला दारिद्र्य दिले, पण भिंतीला एक फळीही बसवून दिली. आपल्या परंपरेत पितृऋणाचा विचार पुष्कळ झाला आहे. पित्यावर अपत्याचेही काही ऋण असते, हे या चार घरांकडे पाहिले म्हणजे ध्यानी येते. पुत्राकडून पराभव इच्छिणाऱ्या पित्याने सामना कोठे खेळावयाचा हे पुत्रावर, आणि कन्येवरही, सोपविले, तरच त्या इच्छेला अर्थ राहतो.