‘टेक’: एक क्रियापद, अनेक अर्थ

रोडपाली येथील विद्यार्थी मराठींत सांगतो, ‘उद्यां परीक्षा द्यावयाची आहे’. परीक्षा घेणारे ते शिक्षक. तेंच वाक्य इंग्रजींत सांगतांना तो ‘गिव्ह’ हें क्रियापद योजतो. भारतांत तें खपून जातें; परदेशीय श्रोत्यास मात्र बोलणारा स्वतःच परीक्षक आहे कीं काय, असा भ्रम व्हावयाचा! कारण तेथें परीक्षा ‘टेक’ करतो तो विद्यार्थी. देणें-घेणें येथें अगदीं उलट झालें.

कोशांत ‘टेक’ म्हणजे ‘घेणें’ हा अर्थ प्रथम सांपडतो. पण तेवढ्यानें काम भागत नाहीं. औषध आपण घेतों खरें. परंतु छायाचित्र काढतों, पाऊल उचलतों, पनवेलला बसनें जातों, आणि त्या प्रवासास वेळ लागतो. या साऱ्या ठिकाणीं इंग्रजींत एकटें ‘टेक’ पुरतें. त्यास एखादें अव्यय जोडलें, कीं अर्थ पुन्हां पालटतो. ‘टेक आफ्टर’ म्हणजे मुलीनें आईच्या वळणावर जाणें. ‘टेक ऑफ’ म्हणजे पायांतील बूट काढणें, आणि विमानानें आकाशांत झेपावणेंही. पनवेल तालुक्यांतील नव्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमानें सुटूं लागल्यानें हा दुसरा अर्थ तर रोडपालीकरांच्या अगदीं शेजारीं आला आहे.

गंमत अशी, कीं हा शब्द मूळचा इंग्रजी नव्हे. उत्तरेकडून समुद्रमार्गें येऊन इंग्लंडांत वस्ती केलेल्या नॉर्स लोकांबरोबर तो आला. प्राचीन इंग्रजींत याच अर्थाचें ‘निमन’ हें क्रियापद होतें. जर्मन ‘नेमेन’ हें त्याचेंच भावंड. पाहुण्या शब्दानें घरच्या शब्दास हळूहळू हुसकून लावलें. हातानें धरणें हा त्याचा जुना अर्थ. पुढें मनानें स्वीकारणें, सोबत नेणें, व्यापणें, असा त्याचा विस्तार होत गेला.

यांत इंग्रजीचेंच कांहीं विशेष आहे असें नाहीं. मराठींतील ‘लागणें’ पाहावें. भूक लागते, ठेंच लागते, दिवा लागतो, नोकरी लागते. आणि रोडपालीहून पनवेलला जातांना वाटेंत कळंबोली लागते. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसानें यासाठीं एकच प्रतिशब्द पाठ केला, तर त्याचीही तशीच फजिती होईल.

म्हणून मुलांकडून ‘टेक म्हणजे घेणें’ असें घोकून घेण्यापेक्षां, औषध, परीक्षा, बस, वेळ अशा सोबत्यांसह तें क्रियापद त्यांच्या कानांवर घालावें. माणसाप्रमाणें क्रियापदाचीही पारख त्याच्या संगतीवरूनच होते.