अर्थिंग दोष (मोटारगाडी)

अर्थिंग दोष हा जुनी मोटारगाडी चालू न होण्यामागील, बहुधा बॅटरीच्या माथी मारला जाणारा, विद्युत दोष होय. बॅटरीचे ऋण टोक (१९६० पूर्वीच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत धन टोक) जाड पट्टीने सांगाड्यास व इंजिनास जोडलेले असते. जोडांवर गंज चढल्यास रोध वाढतो. स्टार्टर २०० अँपिअर प्रवाह ओढत असताना अवघ्या ०.०१ ओहम रोधामुळे १२ पैकी २ व्होल्ट वाया जातात. दिव्यांना अल्प प्रवाह पुरतो, म्हणून ते लख्ख पेटतात. नवी बॅटरी बसवूनही स्टार्टर मात्र अडखळतो.

निदानासाठी गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून, इंजिनाचा धातू व बॅटरीचे सांगाड्यास जोडलेले टोक यांदरम्यान व्होल्टमापक लावून किल्ली फिरवतात. अर्ध्या व्होल्टहून अधिक दाब आढळल्यास बॅटरी सोडवून जोड चकाकेपर्यंत घासतात.