विश्लेषण : समर कॅम्पमधल्या मुलांच्या नाण्यांवर मिशनचे काम कसे चालते?

अमेरिकेत शाळांना उन्हाळी सुट्टी लागली की मुलांच्या शिबिरांचा हंगाम सुरू होतो. चर्चच्या शिबिरात पोहणे, तिरंदाजी, गाणी आणि बायबलचा तास असतोच. अनेक शिबिरांत त्याच्या जोडीला मिशनसाठी निधी गोळा होतो. मुले आठवडाभर नाणी जमवतात आणि ती रक्कम देशातल्या किंवा परदेशातल्या मिशनरी कामाला जाते. आठ-दहा वर्षांच्या मुलाकडून असे पैसे घ्यावेत का, आणि घेताना त्याला काय सांगावे, हा यातला खरा प्रश्न आहे.

पैसे गोळा कसे होतात?

सर्वात लोकप्रिय प्रकार म्हणजे ‘पेनी वॉर’. मुलगे विरुद्ध मुली असे दोन गट पडतात, प्रत्येकाची एक बादली असते. काही ठिकाणी जमलेले पैसे मोजतात, काही ठिकाणी बादल्या सरळ तराजूवर चढवतात. हरलेल्या गटाच्या शिक्षकाच्या तोंडावर क्रीमचा केक फासला जातो, आणि मुलांचा निम्मा उत्साह त्यासाठीच असतो.

तराजूच्या प्रकारात एक गंमत आहे. १ सेंटची पेनी अडीच ग्रॅमची, तर २५ सेंटचे नाणे ५.६७ ग्रॅमचे. म्हणजे १ डॉलरच्या पेनी पाव किलो भरतात आणि तेवढ्याच रकमेची २५ सेंटची नाणी जेमतेम २३ ग्रॅम. ज्याने कमी पैसे दिले तो गट जिंकू शकतो! आता अमेरिकेने नोव्हेंबर २०२५ मध्ये चलनासाठी पेनी पाडणे बंद केले आहे. जुनी नाणी चालतात, पण पुढे हा खेळ बदलावा लागेल.

दुसरा मार्ग शांत आहे. पालक शिबिराच्या कॅन्टीनमध्ये मुलाच्या नावावर थोडे पैसे जमा करतात. आठवडा संपल्यावर उरलेली रक्कम परत हवी की मिशनला द्यायची, असे अनेक शिबिरे विचारतात.

काही पंथांनी याची कायमची व्यवस्था केली आहे. ‘असेंब्लीज ऑफ गॉड’मध्ये १९४९ पासून मुलांचा स्वतंत्र मिशन निधी आहे. ‘बडी बॅरल’ हा पिपाच्या आकाराचा गल्ला त्याची ओळख. त्याच पंथातील किशोरवयीन मुले १९४४ पासून ‘स्पीड द लाइट’ नावाने मिशनऱ्यांच्या वाहनांसाठी आणि साहित्यासाठी पैसे जमवतात.

ही पद्धत किती जुनी?

शिबिरांपेक्षा जुनी. १८५६ मध्ये बोस्टनच्या ‘अमेरिकन बोर्ड’ या मिशन संस्थेला पॅसिफिक महासागरातील मायक्रोनेशियाच्या बेटांसाठी जहाज हवे होते. संस्थेने संडे स्कूलच्या मुलांना १० सेंटला एक याप्रमाणे जहाजाचे ‘शेअर’ विकले. खर्चापेक्षा जास्त रक्कम जमली. ‘मॉर्निंग स्टार’ डिसेंबरमध्ये बोस्टनहून निघाले आणि दक्षिण अमेरिकेला वळसा घालून १८५७ मध्ये होनोलुलूला पोहोचले. पुढे त्याच नावाची आणखी जहाजे झाली, त्यांनाही मुलांनी वर्गणी दिली.

हा ‘अमेरिकन बोर्ड’ महाराष्ट्राला परका नाही. त्याचे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले, १८३१ मध्ये अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) गेले आणि १८४२ मध्ये तिथून ‘ज्ञानोदय’ निघू लागले.

आक्षेप काय?

एक आक्षेप चर्चच्या आतूनच येतो. दान गाजावाजा न करता द्यावे, असे बायबल सांगते. मग रोज रात्री आकडे जाहीर करून चुरस लावणे कसे बसते? दुसरा पैशाबद्दल आहे. मुलाने टाकलेली नोट बहुतेकदा आईच्या पर्समधलीच असते. शिबिरात सगळ्यांसमोर रिकाम्या हाताने बसणे सोपे नसते, आणि कमी पैसेवाल्या घरातल्या मुलाला ते जास्त लागते. समर्थक म्हणतात, रक्कम महत्त्वाची नाही, देण्याची सवय लागते.

ते पटण्यासारखे आहे, पण मुलाला पैसा कुठे जाणार हे कळले तरच. १० सेंट देणाऱ्या मुलाला निदान आपला पैसा जहाजात गेला हे माहीत होते. आजही विहीर, जीप किंवा वसतिगृहाच्या खाटा असे ठरावीक काम सांगणारी शिबिरे आहेत. फक्त ‘मिशनसाठी’ एवढेच सांगितले, तर मुलाच्या लक्षात केकच राहतो.

हे पैसे भारतात येऊ शकतात का?

येऊ शकतात, पण थेट नाही. विदेशी देणगी नियमन कायदा, म्हणजे ‘एफसीआरए’ २०१०, धार्मिक कामासाठीही परदेशी देणगीला परवानगी देतो. मात्र संस्थेला नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर पैसे प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच यावे लागतात. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. शिवाय ही रक्कम दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. पूर्वी मोठ्या संस्थेकडून खेड्यातल्या लहान वसतिगृहापर्यंत परदेशी पैसा पोहोचत असे. तो रस्ता आता बंद आहे. वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेची स्वतःची नोंदणी हवी.