जीझिप : मराठी मजकुराचे संक्षेपण आणि मूळ प्रतीचे जतन

युनिक्स व लिनक्स कार्यप्रणालींवर फाइलचे आकारमान घटविण्यासाठी 'जीझिप' हे आज्ञा टंकित करून चालवावयाचे साधन रूढ आहे. झाँ-लू गायी व मार्क अ‍ॅडलर यांनी ते १९९२ मध्ये प्रथम उपलब्ध केले. तत्पूर्वीच्या 'कॉम्प्रेस' या साधनातील पद्धतीवर पेटंट होते. त्यातूनच या मुक्त पर्यायाची निर्मिती झाली.

जीझिपमध्ये दोन तत्त्वांचा संयोग आढळतो. लेम्पेल व झिव यांच्या १९७७ च्या पद्धतीनुसार, मागील ३२ किलोबाइटमध्ये येऊन गेलेला मजकूर पुन्हा न लिहिता 'किती मागे व किती लांबीचा' एवढाच निर्देश नोंदविला जातो. त्यानंतर हफमन संकेतनाने वारंवार येणाऱ्या चिन्हांना आखूड संकेत मिळतात. मराठी मजकुरास याचा विशेष लाभ होतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. त्यांपैकी पहिला बाइट नेहमी तोच असतो आणि दुसरा केवळ दोन पर्यायांपैकी एक. ही पुनरुक्ती संक्षेपणात बरीचशी विरून जाते. याउलट जेपीईजी छायाचित्रे आधीच संक्षेपित असल्याने त्यांवर जीझिप चालविणे व्यर्थ होय.

संक्षेपणाचे १ ते ९ असे स्तर आहेत. काही न सांगितल्यास ६ वा योजला जातो. ९ व्या स्तराचा आग्रह बहुधा अनाठायी ठरतो, कारण वेळ वाढतो त्या मानाने आकार घटत नाही.

खरा प्रश्न मूळ प्रतीचा आहे. संक्षेपण पूर्ण होताच जीझिप मूळ फाइल काढून टाकते. नवख्या अभ्यासकास हे ठाऊक नसते. ती राखण्यासाठी 'के' हा पर्याय २०१३ च्या १.६ आवृत्तीपासून मिळतो. जुन्या संगणकांवर 'सी' पर्यायाने निष्पत्ती वेगळ्या फाइलमध्ये वळवावी लागते. प्रबंधाची क्षेत्रकार्य-सामग्री हाताळताना ही दक्षता अनिवार्य आहे. पुढील प्रत्येक निर्देश मागील मजकुरावर विसंबून असल्याने, मध्यभागी एखादा बाइट जरी बिघडला तरी त्यापुढील भाग बहुधा हाती लागत नाही. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये तेवढ्याने एखादे अक्षरच बिघडले असते. 'टी' पर्याय फाइलच्या शेवटी नोंदलेल्या तपासणी-अंकाशी मजकूर पडताळून दोष दाखवितो, परंतु दुरुस्त करीत नाही. त्यामुळे पडताळणीनंतर दुसरी प्रत स्वतंत्र डिस्कवर ठेवावी आणि मगच मूळ फाइल काढावी.