विडीच्या उपकरातून उभी राहिलेली घरं

वसई-विरारमध्ये स्वस्त घर शोधणाऱ्यापुढे दोनच दारं असतात: बिल्डरचं किंवा म्हाडाचं. बिल्डरच्या शब्दाला काय किंमत असते, ते नालासोपाऱ्याच्या अग्रवाल नगरीत दिसलं. राखीव भूखंडांवरच्या 41 बेकायदा इमारती 2025 च्या सुरुवातीपर्यंत पाडल्या गेल्या. म्हाडाचे बोळींजचे मनोरे कायदेशीर आहेत. पण तिथली घरं इतकी पडून राहिली की सोडत बाजूला ठेवून ‘प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य’ म्हणत ती विकायला काढावी लागली.

तिसरं दार सोलापूरजवळ कुंभारीला आहे. तिथे 2006 साली दहा हजार घरं उभी राहिली, तीही विड्या वळणाऱ्या बायकांच्या मालकीची! बांधकाम त्यांच्याच सहकारी संस्थेनं करवून घेतलं. संस्थेला नाव दिलं गोदावरी परुळेकरांचं. म्हणजे आपल्याच जिल्ह्यातल्या झरी गावी 1945 मध्ये वारली वेठबिगारांना उभं करणाऱ्या गोदूताईंचं.

हिशेब बघा. घर साधारण साठ हजारांचं. वीस हजार केंद्राचे, वीस राज्याचे, वीस त्या बाईचे. केंद्राचा वाटा आला विडी कामगार कल्याण निधीतून, आणि हा निधी भरायचा विड्यांवरच्या उपकरातून. जी विडी तिनं वळली, तिच्यावरचाच कर घराच्या भिंती होऊन तिच्याकडे परत आला!

बिल्डरचा नफा या हिशेबात नाहीच. जाहिरातही नाही, कारण गिऱ्हाईक आधी जमलं आणि घर नंतर बांधलं. बोळींजला नेमकं उलट झालं.

त्याच कुंभारीत पुढे तीस हजार घरांचं रे नगर आलं, या वेळी प्रधानमंत्री आवास योजनेतून. घरामागे केंद्राचे दीड लाख, राज्याचे एक लाख. केंद्राची रक्कम एकदम हातात पडत नाही. 40, 40 आणि 20 टक्के अशा तीन हप्त्यांत, आधीच्या पैशांचा हिशेब दिल्यावर आणि काम पुढे सरकल्यावर ती मिळते. राजकीय गंमत अशी की, दोन्ही वसाहतींमागे सोलापूरचे मार्क्सवादी नेते नरसय्या आडम ऊर्फ आडम मास्तर, पण पहिलीच्या किल्ल्या दिल्या मनमोहन सिंगांनी आणि दुसरीतल्या पंधरा हजार घरांच्या, 19 जानेवारी 2024 रोजी, नरेंद्र मोदींनी.

वसईत हे जमेल का? माणसांची अडचण नाही. बॅसीन कॅथॉलिक बँक 1918 पासून चालवणाऱ्या मुलखाला सहकार कुणी शिकवायला नको. घोडं अडतं जमिनीपाशी. कुंभारीसारखी स्वस्त जमीन इथे मिळणार नाही आणि अडीच लाखांचं अनुदान इथल्या भावात कुठल्या कुठे विरून जाईल. म्हणून मागणी अनुदान वाढवण्याची नको, सरकारी जमिनीची हवी. घरकामगारांच्या आणि कारखान्यांतल्या मजुरांच्या संस्थांनी ती आतापासूनच लेखी करावी.