डास सोडून डास कसे कमी होतात?
(ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग)



मागच्या गटसभेत खोडकिडीचा विषय चालू असता एका वयस्क सभासदांनी मध्येच हात वर केला. "साहेब, आमची नात डासांवर पीएच.डी. करतीय. म्हणते, प्रयोगशाळेत डास वाढवायचे अन् गावात सोडायचे, मग डेंग्यू कमी होतो. पोरगी आमची थट्टा करतीय का?" सभेत हशा पिकला. मी म्हणालो, "अण्णा, आपण ट्रायकोकार्ड उसाच्या पानाला टाचतो, तेव्हा वेगळं काय करतो? कीड मारायला कीटकच सोडतो ना?"

एवढे बोलून वेळ मारून नेली खरी, पण पुरते मलाही ठाऊक नव्हते. नात दिवाळीला गावी आली तेव्हा मुद्दाम त्यांच्या घरी गेलो.

डेंग्यू पसरवणारा डास म्हणजे एडिस इजिप्ती. चावते ती मादी. अंड्यांसाठी तिला रक्त लागते. नर फुलांच्या व झाडांच्या रसावर जगतो, चावत नाही. मादी बहुधा एकदाच नराशी जुगते. तो नर बिघडलेल्या बियाण्याचा निघाला, तर तिची सगळी वीण वाया. सगळी युक्ती एवढीच आहे.

हे बिघडलेले बियाणे कसे करतात? ऑक्सफर्डच्या ल्यूक अल्फी व सहकाऱ्यांनी २००० साली फळमाशीत एक जनुक घालून दाखवले. पुढे तीच रीत डासात आणली. हे जनुक असलेल्या अळीच्या अंगात एक प्रथिन बेसुमार तयार होते आणि पंख फुटण्याआधीच ती मरते. मग प्रयोगशाळेत हे डास वाढतात कसे? तिथल्या पाण्यात टेट्रासायक्लिन घालतात. होय, जनावरांना देतात तेच औषध! ते असेपर्यंत जनुक गप्प राहते.

मी विचारले, "गोठ्यातल्या औषधाने अळी वाचली तर?" मुलगी म्हणाली, "काका, ही शंका शास्त्रज्ञांनीही काढली आहे. औषधाशिवायसुद्धा शंभरात तीन-चार वाचतात." तिने लपवले नाही, हे मला आवडले.

तिचे स्वतःचे काम मोजण्याचे आहे. पिंजऱ्यात वाढलेला नर बाहेरच्या नरापुढे किती टिकतो, हा तिच्या प्रबंधाचा प्रश्न. केमन बेटावर २००९ साली हे मोजले गेले. तिथल्या नरांत सोडलेले नर शंभरात सोळा होते, पण त्यांची संतती असलेल्या अळ्या शंभरात दहाच्या आसपास भरल्या. म्हणजे सोडलेला नर गड्याच्या निम्म्या कामाला! पुढच्या वर्षी त्याच बेटावर सुमारे ३३ लाख नर सोडले, तेव्हा त्या भागातले डास ८० टक्क्यांनी घटले. सोडणे थांबले की शेजारचे डास पुन्हा येतात. ट्रायकोकार्ड एकदाच लावून "गुण आला नाही" म्हणणाऱ्या सभासदांनी हे लक्षात घ्यावे.

ब्राझीलमध्ये जाकोबिना गावी असेच नर सोडले होते. प्रयोगशाळेतल्या जातीचे काही अंश तिथल्या रानडासांत उतरल्याचे २०१९ साली छापून आले. त्या लेखातल्या निष्कर्षांवर पुढे वादही झाला.

मला सगळ्यात विचार करायला लावले ते दिल्लीच्या गोष्टीने. १९७० च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटना व आपली वैद्यक संशोधन परिषद यांचे एक पथक दिल्लीजवळच्या खेड्यांत वांझ केलेले नर डास सोडत होते. जनुक बदलण्याची विद्या तेव्हा नव्हती, रसायनाने वांझ करीत. एडिस डास सोडण्यासाठी सोनीपत शहर ठरले, तयारीही झाली. पण पैसा अमेरिकेचा होता. हा रोगजंतूंच्या लढाईचा अभ्यास आहे असा आरोप वर्तमानपत्रांत आला, संसदेत गाजला आणि १९७५ साली काम बंद पडले. शास्त्र चुकले म्हणून ते बंद पडले नाही, लोकांचा विश्वास उडाला म्हणून पडले. तेव्हा अण्णांचा प्रश्न हसण्यावारी नेणाऱ्या सभेत मीही होतो, याची मला लाज वाटली. गावात काही सोडायचे तर गावाला आधी विचारलेच पाहिजे.

आपल्या राज्यातही हे तंत्र येऊन गेले आहे. २०१७ साली जालना जिल्ह्यातल्या दावलवाडीला उघड्यावरच्या पण जाळीबंद पिंजऱ्यात असे डास ठेवून चाचणी सुरू झाली होती.

आता घरचे सांगतो. गेल्या पावसाळ्यात माझा मुलगा डेंग्यूने दहा दिवस अंथरुणाला खिळला. अळ्या सापडल्या त्या आमच्याच परसात, फवारणीसाठी पाणी भरून ठेवलेल्या पिंपात. दुसऱ्याला सल्ले देणारा मी, आणि पिंपाला झाकण नव्हते! हा डास स्वच्छ साठवणीच्या पाण्यात वाढतो. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून पिंप, हौद, कूलर आठवड्यातून एकदा रिकामे करून घासावेत; अंडी काठाला चिकटलेली असतात, नुसते पाणी ओतून जात नाहीत. तोडणी कामगारांच्या कोप्यांजवळचे ड्रमही बघावेत. चिटबॉयना तशी सूचना दिली आहे.

अण्णांची नात पुढच्या गटसभेला येणार आहे. अळ्या ओळखायच्या कशा, हे ती काचेच्या बरणीत दाखवील. महिला सभासदांनी अवश्य यावे, आणि शंका असतील त्या मोकळेपणाने विचाराव्यात.