भुरी, पानातली पेशी आणि धनुर्वात

द्राक्षबागायतदाराला भुरी म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. कोवळ्या घडावर राखेसारखी पूड दिसली की गंधक मारणे आले. आंब्याच्या मोहोरावर आणि वाटाण्यावरही भुरी येते. पण आंब्यावरची भुरी द्राक्षाला लागत नाही आणि द्राक्षावरची आंब्याला. बीजाणू तर वाऱ्याबरोबर सगळीकडे पडतात. मग शेजारचे झाड वाचते कसे?

झाडात आपल्यासारख्या फिरत्या पांढऱ्या पेशी नाहीत. ज्या पेशीवर हल्ला होतो तिलाच आधी लढावे लागते. पानावर रुजलेला बीजाणू बारीक नळी काढून पेशीची भिंत भोसकू पाहतो. पेशीला तो दाब आणि बुरशीचे रासायनिक तुकडे जाणवतात. मग आतला माल त्या एका जागेकडे निघतो. चरबीच्या पातळ आवरणाच्या अतिसूक्ष्म पिशव्या पेशीपटलाशी जाऊन चिकटतात आणि आपले सामान बाहेर ओततात. भिंतीच्या आतल्या बाजूला कॅलोज नावाच्या पदार्थाचा जाड थर बसतो. भोक पडायच्या आधीच गिलावा, असे म्हणा ना!

या पिशव्यांना पटलाशी जोडणारे एक प्रथिन २००३ मध्ये हाती लागले. अरॅबिडोप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपावर जवाच्या भुरीची सहसा डाळ शिजत नाही. पेन-१ हे जनुक बिघडलेल्या रोपांत मात्र बुरशी बऱ्याच जास्त वेळा पेशीत घुसली. अर्थात तेवढ्याने रोप संपत नाही. घुसखोरी झालेली पेशी स्वतःच मरून बुरशीची उपासमार करते. ती दुसरी फळी.

पेन-१ ज्या प्रथिनाचे जनुक आहे ते सिंटॅक्सिन कुळातले, आणि हे कुळ डॉक्टरांच्या ओळखीचे आहे. चेतातंतूच्या टोकाशी संदेशद्रव्य सोडायला आणि स्वादुपिंडातून इन्शुलिन बाहेर टाकायला आपले शरीर याच कुळातली प्रथिने वापरते. धनुर्वाताचे विष यातल्याच एका जोडीदार प्रथिनाला कापते, म्हणून स्नायू ताठरतात. पेशींतल्या या मालवाहतुकीच्या शोधांसाठी २०१३ चे वैद्यकातले नोबेल दिले गेले. पानाची आणि माणसाच्या मज्जातंतूची यंत्रणा इतकी सख्खी असावी, याचे नवल वाटल्याशिवाय राहत नाही.

धनुर्वाताच्या जंतूने जी नस ओळखली, ती वनस्पतींच्या शत्रूंनीही ओळखली आहे. स्यूडोमोनास सिरिंगे हा जिवाणू पेशीत एक प्रथिन टोचतो आणि मालवाहतुकीला लागणारे मिन-७ हे प्रथिन नष्ट करवतो. बटाट्यावरचा उशिरा येणारा करपा झाडाच्या एका संरक्षक विकराची रवानगीच अडवतो. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाटा कुजवून सुमारे दहा लाख माणसांचा बळी घेणाऱ्या दुष्काळामागे हाच रोग होता.

शेतीला याचा उपयोग झाला तो जवात, आणि तोही यंत्रणा कळायच्या कितीतरी आधी. १९४२ मध्ये क्ष-किरणांनी बदललेले भुरीरोधक जव जर्मनीत सापडले. त्यात एमएलओ हे जनुक बंद पडले होते. युरोपात अशी वाणे गेली अनेक दशके पेरली जातात आणि भुरीला त्यांच्यावर अजून मात करता आलेली नाही, ही पीकसंरक्षणात दुर्मिळ गोष्ट. हा प्रतिकार पूर्णपणे चालायला पेन-१ चे जवातले भावंड, रोर-२, लागते. फुकट मात्र काही नाही: पानांवर ठिपके पडतात, ती लवकर म्हातारी होतात, आणि काही दुसऱ्या बुरशींना अशी रोपे उलट जास्त बळी पडतात. चिनी संशोधकांनी २०१४ मध्ये जनुक-संपादनाने गव्हातही हेच साधले.

द्राक्षवेलीतही याच कुळातली जनुके आहेत. त्यातली काही दाबल्यावर भुरी कमी झाल्याचे प्रयोगात दिसले आहे. बागेत मात्र अजून गंधकच.